काठाच्या पानांची सावलीबाग

एकतीस वर्षं मी साताऱ्यात ब्लाऊज शिवले आणि साड्यांना फॉल-पिको केलं. दुकानात आलेली बाई आधी कापड पुढे टाकते, मी आधी टेप काढते. घरामागच्या सावलीतल्या बागेच्या बाबतीत मात्र मीच त्या बाईसारखी वागले. पानं आधी पसंत केली, जागेचं माप मागाहून घेतलं. त्यात तीन वर्षं गेली आणि पैसेही गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सविस्तर सांगते.

वेड लागलं ते होस्टामुळे. २०१८ साली मुलीच्या बाळंतपणाला मिशिगनला गेले, ग्रँड रॅपिड्स गावात. मे ते ऑक्टोबर राहिले. तिच्या घराच्या उत्तरेच्या भिंतीला लागून ही झाडं होती. फुलं फिकट जांभळी, घंटेसारखी, उंच दांड्यावर, पण त्यांच्याकडे कुणी फारसं बघत नव्हतं. बघायचं ते पान. बदामाच्या आकाराचं, शिरा अशा ठळक की जणू इस्त्रीनं चुण्या बसवल्यात. आणि त्या पानांना काठ! हिरव्या अंगाला पांढरा, निळसर अंगाला पिवळा, सोनेरी अंगाला हिरवा. मी साडीच्या दुकानात उभी असल्यासारखी बघत राहिले.

होस्टा मूळचा जपान, कोरिया, चीनकडचा. निकोलाउस होस्ट नावाच्या ऑस्ट्रियन वनस्पतीशास्त्रज्ञावरून नाव पडलं. घराणं शतावरीचं, म्हणजे आपल्या कुंडीतला स्पायडर प्लांट आणि ड्रॅसेना हे त्याचे भाऊबंद. जपानात त्याचे कोवळे कोंब भाजीसारखे खातात, कुत्र्या-मांजरांना मात्र ते बाधतात. थंडीत वरचं सगळं वाळून जातं, गड्डा जमिनीत झोपतो आणि वसंतात पुन्हा कोंब काढतो. ही झोप लक्षात ठेवा, पुढे सगळं तिच्यावरच अडलं.

विषय कसा ठरवायचा

तिकडे लोक होस्टाची बाग एखादा विषय धरून लावतात. मुलीच्या शेजारणीची बाग उंदरांची होती! मधोमध ‘ब्लू माऊस इअर्स’, म्हणजे निळे उंदराचे कान. जेमतेम वीतभर उंच, पानं गोल, जाड, खरंच कानासारखी. २००८ साली तिथल्या होस्टा उत्पादकांनी त्याला वर्षाचा होस्टा म्हणून निवडलं होतं. त्याच्या भोवती त्याच्यातूनच निघालेले ‘माइटी माऊस’ आणि ‘चर्च माऊस’. पलीकडच्या गल्लीत एकांनी खाण्याच्या नावांची बाग केली होती: ‘ग्वाकामोले’, ‘फ्राइड बनानाज’, ‘फ्राइड ग्रीन टोमॅटोज’. मला आधी हसू आलं. नुसत्या नावावरून कुणी साडी घेतं का? मग ध्यानात आलं की उंदीर सगळे एका घराण्याचे आणि ठेंगणे, आणि खाण्याचे पदार्थही एकमेकांतूनच निघालेले, सगळे सुवासिक. नाव बदललं तरी बाग एकसूत्रीच दिसली असती. ज्यांच्याकडे नुसतीच नावं जुळवलेली होती, एक परातीएवढं पान आणि शेजारी एक बशीएवढं, तिथं पाट्या वाचल्याशिवाय विषय कळत नव्हता. म्हणून माझं मत असं की विषय चार पावलं मागे जाऊनही दिसला पाहिजे. नावावरून निवडायचंच असेल तर नावामागे एक रंग, एक आकार किंवा एक वास आहे का ते बघा.

माझा विषय काठ-पदर. मुलीसाठी मी तिकडे या हिशेबानंच निवड केली.

साध्या अंगाची पानं म्हणून ‘हॅलसियन’ घेतला, निळसर. हा निळा रंग पानाच्या आतला नसतो. द्राक्षावर असतो तसा मेणाचा पांढुरका थर असतो तो, बोटानं पुसला जातो आणि कडक उन्हात जातो. म्हणून निळा होस्टा दाट सावलीत लावायचा आणि उन्हाळा सरताना तो हिरवा दिसायला लागला तर घाबरायचं नाही. पिवळ्या-सोनेरी जातींचं उलट आहे, त्यांना सकाळचं थोडं ऊन मिळालं नाही तर रंग खुलत नाही. ‘सम अँड सबस्टन्स’ तसला, पोपटी आणि अवाढव्य.

काठासाठी ‘पेट्रियट’. गडद हिरव्या अंगाला रुंद पांढरा काठ, अंधाऱ्या कोपऱ्यात दिवा लावल्यागत दिसतो. लहान जागेला ‘गोल्डन टियारा’, सोनेरी काठाचा. ‘फ्रान्सिस विल्यम्स’ देखणा आहे, निळसर अंग आणि पिवळट काठ, पण उन्हाळ्यात त्याचा काठ करपतो. मुलीला मी नको म्हटलं, तिनं तरीही घेतला, आणि पुढच्या जुलैत करपलेल्या काठाचा फोटो न बोलता पाठवला.

पदरासाठी ‘जून’: मधे सोनेरी, कडेला निळसर हिरवा. आणि वासासाठी ‘सो स्वीट’. सुवासिक जातींचं मूळ ‘प्लँटाजिनिया’ या चिनी होस्टात आहे. त्याची फुलं पांढरी, मोठी आणि तिन्हीसांजेला उमलणारी. ऊन आणि उष्मा सोसण्यातही हाच सगळ्यांत चिवट.

आता शिवणकामातली एक गोष्ट इथं लागू पडते. ब्लाऊज शिवताना आत माया सोडतात, पुढं अंग भरलं तर उसवून सैल करता यावं म्हणून. होस्टाला ती माया जमिनीत सोडावी लागते. पूर्ण वाढायला पाचेक वर्षं लागतात. ‘एम्प्रेस वू’ साडेतीन-चार फूट उंच होतो आणि पाच फुटांहून जास्त पसरतो, ‘ब्लू माऊस इअर्स’ फूटभरात मावतो. विकत घेताना दोन्ही एकाच मापाच्या कुंडीत असतात आणि तिथंच माणूस फसतं. मोठेपणीचं माप विचारून तेवढं अंतर ठेवा. पहिली दोन वर्षं जागा उघडी दिसते, दिसू दे.

आणि प्रत्येक जातीचं एकेक झाड आणू नका. त्याची गोधडी होते. मला गोधडी आवडते, पण ती पांघरायला. बागेत तीनच कापडं घ्या, एक अंगाचं, एक काठाचं, एक उठावाचं. काठाची झाडं तीन, पाच, सात अशी एकत्र, उठावाचं एकच.

हे सगळं थंड मुलखात राहणाऱ्यांसाठी. तुमची मुलं तिकडे असतील तर त्यांना जरूर सांगा. आता साताऱ्यात या.

साताऱ्यात माझी फजिती

निघताना मनात आलं होतं की दोन गड्डे बॅगेत टाकावेत. जावयांनी थांबवलं, ते बरोबर होतं. परदेशातून झाडं, मुळं, कंद आणायला आयात परवाना आणि तिकडच्या सरकारचा रोगमुक्ततेचा दाखला लागतो. रोग आपल्या मातीत येऊ नयेत म्हणूनच हा नियम आहे. होस्टाचा तर स्वतःचाच एक विषाणू आहे, होस्टा व्हायरस एक्स. पानाच्या शिरांवरून शाई फुटल्यासारखे डाग पडतात. पूर्वी लोक अशी पानं नवी नक्षी समजून विकत घेत. झाड कापलेल्या सुरीवरून तो दुसऱ्या झाडाला लागतो.

घरी आल्यावर एका ऑनलाइन विक्रेत्याकडे आधी बिया सापडल्या. फोटोत गर्द निळी, जांभळी, गुलाबी पानं. शिवणकामात आयुष्य गेलेल्या बाईला रंगवलेलं कापड कळायला हवं होतं, पण घेतल्या. उगवलं ते गवत. एक लक्षात ठेवा, काठाच्या होस्टाची बी लावली तर सहसा काठ उतरत नाही. या जाती गड्डा फोडून किंवा प्रयोगशाळेत ऊतीपासूनच वाढवतात. ‘रंगीत होस्टाच्या मिश्र बिया’ दिसल्या की पुढे सरका.

मग दुसरीकडून तीन गड्डे मागवले. ते खरे निघाले. फेब्रुवारीत कोंब आले, पाच-सहा पानं झाली, मी गल्लीभर दाखवत फिरले. दुसऱ्या वर्षी पानं निम्मी आणि लहान. तिसऱ्या वर्षी एका गड्ड्याचं नावनिशाण नाही. पाणी, खत, माती, सगळ्याला दोष देऊन झाला. कारण निराळंच होतं. होस्टाला झोपायला साधारण सहा आठवडे तरी सहा-सात अंशांखालची थंडी लागते. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा अकरा-बारावर आला की आपण स्वेटर काढतो, पण दुपारी पुन्हा ऊन तापतं. झाड बिचारं डोळा लागतो न लागतो तोच जागं होतं. दर वर्षी साठवलेलं खातं आणि खंगत जातं.

यावर एक उपाय आहे तो फ्रिजचा. मी तो एका हिवाळ्यात करून पाहिला. पानं पिवळी पडली की ती कापून गड्डा जेमतेम ओलसर कोकोपीटमध्ये, भोकं पाडलेल्या पिशवीत घालायचा आणि चारेक अंशांवर सहा ते आठ आठवडे ठेवायचा. फ्रीजरमध्ये नव्हे, भाजीच्या कप्प्यात. पुढच्या वर्षी पानं खरोखर मोठी आली. पण दोन महिने कोथिंबिरीच्या शेजारी माती बघून आमच्या ह्यांनी जे तोंड केलं ते मला परवडणारं नव्हतं. एक-दोन कुंड्यांची हौस असेल तर करा. पूर्ण वाफा अशानं होत नाही.

माझ्या नणंदेचं घर पाचगणीला आहे. तिथं मी उरलेला ‘प्लँटाजिनिया’ कुंडीत दिला. जगलाय, तिसऱ्या वर्षी एक दांडा फुलला. वर महाबळेश्वरात वेण्णा तलावाकडे एखाद्या थंडीत दव गोठतं, त्या भागात कुणाची जागा असेल तर हीच जात आधी लावून बघा.

आणि मग भुईचाफा

मुलीची एक मैत्रीण ह्यूस्टनला असते. व्हिडिओ कॉलवर माझं रडगाणं ऐकून ती म्हणाली, “मावशी, आमच्याकडेही होस्टा टिकत नाही. इकडे लोक केम्पफेरिया लावतात, त्यालाच दक्षिणेचा होस्टा म्हणतात.” तिनं कॅमेरा फिरवून अंगण दाखवलं. लांबट पान, वरून हिरव्यावर रुपेरी नक्षी, उलटं केलं की जांभळं. म्हणजे अस्सल धूपछाव! मी बघतच राहिले, कारण ते पान मी तीस वर्षं बघत आले होते. आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, न्हाणीघरामागे लावलेला भुईचाफा तो.

भुईचाफ्याची रीत न्यारी. होस्टासारखाच तोही झोपतो, फक्त त्याला बर्फ नको. पाऊस सरला, माती सुकत गेली की नोव्हेंबर-डिसेंबरात पानं पिवळी पडून जातात. एप्रिलच्या सुमारास उघड्या जमिनीतून, पान नाही की दांडा नाही, पांढरी-जांभळी सुवासिक फुलं थेट मातीवर येतात. पानं मागून येतात आणि पाऊसभर राहतात. सावलीत खुश. म्हणजे मला जे हवं होतं ते न्हाणीच्या पाण्यावर फुकट वाढत होतं, आणि मी मिशिगनचा काठ शोधत होते.

तेव्हापासून माझी बाग भुईचाफ्याभोवती उभी राहिली.

आधी टेप

झाडं आणण्याआधी सावली मोजा, आणि ती एकदाच मोजू नका. थंड देशांतली माहिती सांगते की उत्तरेच्या भिंतीला सावली असते. मिशिगन त्रेचाळीस अक्षांशावर, तिथं दुपारचा सूर्य बारा महिने दक्षिणेलाच असतो. सातारा साडेसतरा-अठरा अंशांवर. मेच्या दुसऱ्या आठवड्यात आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, आणि तेव्हापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो. म्हणजे जी उत्तरेची भिंत डिसेंबरात गारेगार, तिलाच मेच्या अखेरीला भर दुपारी ऊन लागतं. दहा फुटी भिंतीची सावली डिसेंबरच्या दुपारी जवळजवळ नऊ फूट पडते, मेच्या मध्याला ती भिंतीच्या पोटात शिरते. माझी पहिली कॅलेडियम, म्हणजे अळूसारख्या रंगीत पानांची झाडं, अशी भाजली.

आमचं घर अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याला, किल्ला आमच्या दक्षिणेला. थंडीत साडेचारला ऊन किल्ल्याआड जातं, तेव्हा आमच्याकडे संध्याकाळ लवकर होते. तुमच्याकडे शेजारची इमारत असेल, आंबा असेल. डिसेंबर, मार्च आणि मे या तीन महिन्यांत एकेक दिवस, सकाळी नऊ, दुपारी बारा आणि तीनला सावलीच्या कडेनं रांगोळीची रेघ ओढा आणि फोटो काढून ठेवा. फरशी असेल तर शिलाईचा खडू चालतो. तिन्ही महिन्यांत जो पट्टा रेघेच्या आत राहिला तो खरा सावलीचा. माझा तसा पट्टा होताच किती, जेमतेम चार फूट रुंद आणि चौदा फूट लांब. मेच्या झळांसाठी पहिल्या वर्षी वर जुनी सुती साडी बांधली, ती पहिल्याच वळवानं फाडली. आता एप्रिलच्या मध्यापासून पाऊस लागेपर्यंत पन्नास टक्क्यांची हिरवी शेडनेट असते.

आता त्या चौदा फुटांत काय आहे ते सांगते. पुढचा काठ स्पायडर प्लांटचा, पांढऱ्या पट्ट्यांचा, वीतभर अंतरावर अठरा झाडं. हा होस्टाचा सख्खा नसला तरी चुलत, आणि फुकटात पिल्लं देतो. सहा झाडांवर सुरुवात करा, वर्षात अठरा होतात. मधे भुईचाफ्याचे सात पुंजके, हे अंगाचं कापड. त्यांच्यात बुट्टी म्हणून पांढऱ्या पानांचं, हिरव्या शिरांचं कॅलेडियम, पाच. लाल-गुलाबी कॅलेडियमही मिळतं, पण भुईचाफ्याच्या रुपेरी-जांभळ्यापुढे ते भांडतं. मला नर्सरीवाल्यानं तीनदा देऊ केलं, तीनदा परत केलं. मागे पदर: पिवळ्या पट्ट्यांची अल्पिनिया, एकच. नर्सरीत व्हेरिगेटेड जिंजर म्हणून मागा. कोपऱ्यात पाणी जास्त राहतं तिथं सोनटक्का. ‘सो स्वीट’ची हौस तो भागवतो, उलट चार पावलं पुढे. भिंतीच्या खाचेत हंसराज, जुन्या विहिरींच्या दगडांत उगवतो तोच नाजूक नेचा.

ज्यांना मोठ्या निळसर पानांची हौस असेल त्यांनी शोभेचं काळं अळू लावावं, कोलोकेशिया. पण ते वडीच्या अळूपासून लांब, दुसऱ्या वाफ्यात. पाहुण्यांनी चुकून शोभेची पानं खुडली तर फतफत्याऐवजी घशाची खाज वाढाल. कॅलेडियम आणि घरात कुंडीत ठेवतात ते डिफेनबाखिया यांच्यातही तेच सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात. रांगतं मूल घरात असेल तर ही दोन्ही नकोत.

पावसाळ्यात कासला, महाबळेश्वरला चवर फुललेली दिसते आणि हात शिवशिवतात. तिथून काही उपटून आणू नका. नर्सरीत मिळतं तेवढं पुरे.

लावणी, आणि जूनमधली लढाई

मातीचे मी फार नखरे करत नाही. दोन घमेली माती, एक घमेलं मुरलेलं शेणखत, एक घमेलं भाताचं तूस. महत्त्वाचं म्हणजे वाफा जमिनीपेक्षा वीतभर उंच हवा. आपला पाऊस चार महिने थांबत नाही आणि कंद पाण्यात राहिला की कुजतो. भुईचाफा झोपलेला असताना, फेब्रुवारी-मार्चमध्ये, कंद फोडून दोन इंच खोल लावा. कॅलेडियमचे कंद एप्रिल-मेमध्ये, तेवढेच खोल. दोन्हींची झोप कोरडी असते, म्हणून पानं गळल्यावर पाणी जवळजवळ बंद. मी पहिल्या हिवाळ्यात मायेनं पाणी घालत राहिले आणि चार कंद हाताला पिठासारखे लागले.

जूनचा पहिला पाऊस झाला की गोगलगाई येतात. मिशिगनमध्येही होस्टाचा पहिला शत्रू हाच, दुसरा हरीण. इथं शंखी आणि शेंबडी दोन्ही आहेत, एका रात्रीत कॅलेडियमची जाळी करतात. माझा उपाय असा: संध्याकाळी गुळाच्या पाण्यात भिजवलेलं गोणपाट वाफ्याच्या कडेला पसरायचं. पहाटे ते उलटलं की खाली सगळी मंडळी जमलेली असतात. हातमोजे घालून गोळा करायच्या आणि मिठाच्या पाण्यात टाकायच्या. चुन्याची रेघही ओढतात, पण साताऱ्याच्या पावसात ती तासभर टिकत नाही. पंधरा दिवस रोज केलं तर जुलै निवांत जातो. दोन दिवस चुकवलेत तर पुन्हा पहिल्यापासून.

हिवाळ्यात वाफा निम्मा रिकामा होतो, कारण भुईचाफा आणि कॅलेडियम दोन्ही झोपतात. म्हणून काठ आणि पदर बारमाही झाडांचे घेतले, नुसतं अंग गेलं तरी चौकट दिसते. मधल्या उघड्या जागेत काही लावायचा मोह होतो. तिथं खाली कंद आहेत हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. मी आता प्रत्येक पुंजक्याच्या जागी काडीवर रिकामं दोऱ्याचं रीळ खोचून ठेवते. गेल्या जानेवारीत मी पाचगणीला गेले असताना आमच्या ह्यांनी खुरपं घेऊन तिथं मेथी टाकली होती. मेथी चांगली आली. भुईचाफ्याचे सातातले चार पुंजके उरले, ते यंदा फोडून परत सात केलेत.